घटक ४ : आंतरराष्ट्रीय स्थलांतर – वऱ्हाडाच्या संदर्भात

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• आंतरराष्ट्रीय स्थलांतराचे स्वरूप व त्याचे प्रमुख प्रकार स्पष्ट करता येतील.
• फाळणीनंतर अमरावती व अकोला येथे आलेल्या सिंधी विस्थापितांच्या उदाहरणावरून स्थलांतरित व स्थानिक समाज या दोघांपुढील आव्हाने सांगता येतील.
• नोकरी वा शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या व्यक्तीला आणि तिच्या मागे राहणाऱ्या कुटुंबाला कोणत्या अडचणी येतात, याचे विवेचन करता येईल.
• आपल्या परिसरातील स्थलांतराचा अनुभव नोंदवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण खेड्यातून शहराकडे होणाऱ्या स्थलांतराचा विचार केला. मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबे, हंगाम संपल्यावर पुण्या-मुंबईची वाट धरणारे शेतमजूर ही उदाहरणे आपण पाहिली. त्या स्थलांतरात माणसाचा जिल्हा बदलतो, कधी भाषाही बदलते. परंतु त्याचे नागरिकत्व बदलत नाही. नव्या शहरात त्याची उपेक्षा झाली, तरी तेथे राहण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. आंतरराष्ट्रीय स्थलांतरात नेमका हाच आधार सुटतो. सीमा ओलांडताच माणूस दुसऱ्या राज्यसंस्थेच्या कायद्याखाली येतो आणि तेथे राहणे, काम करणे, कुटुंब आणणे या साध्या गोष्टीही परवानगीच्या होतात.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे २८ कोटी १० लाख लोक आपल्या जन्मदेशाबाहेर राहत होते. जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजेच शंभरांतील शहाण्णव माणसे आपल्याच देशात राहतात. देश सोडणे हा आजही अपवाद आहे, नियम नव्हे. तरीही या अपवादाचे परिणाम दूरवर पोहोचतात. परदेशी राहणाऱ्या लोकांच्या संख्येत भारत जगात पहिल्या क्रमांकावर असून, त्याच वर्षी सुमारे १ कोटी ८० लाख भारतीय देशाबाहेर होते.

आपणांस वाटेल की, हा विषय मुंबईचा, केरळचा किंवा पंजाबचा आहे. अमरावती-अकोल्याचा त्याच्याशी काय संबंध? या घटकात आपण पाहणार आहोत की, वऱ्हाडाने हे स्थलांतर दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. सीमेपलीकडून आलेली माणसे येथे वसली आणि येथील माणसे सीमेपलीकडे गेली.

४.२ संकल्पना व प्रकार

एका देशातील वास्तव्य सोडून दुसऱ्या देशात दीर्घकाळ वा कायमचे राहण्यास जाणे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर होय. त्याचे दोन ढोबळ प्रकार मानले जातात. युद्ध, छळ, दंगल वा सीमांची फेररचना यांमुळे माणसाला घर सोडावे लागते, ते सक्तीचे स्थलांतर. शिक्षण, रोजगार, विवाह यांसाठी माणूस आपण होऊन जातो, ते ऐच्छिक स्थलांतर.

ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. प्रत्यक्षात तिची रेषा इतकी स्वच्छ नसते. लागोपाठ तीन वर्षे कापूस हातचा गेल्यावर, शेती गहाण टाकून मुलाला आखातात पाठवणाऱ्या कुटुंबाने तो निर्णय स्वेच्छेने घेतला, असे म्हणता येईल काय? त्यांच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती, हे खरे. परंतु समोर दुसरी वाटही नव्हती. हा प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

४.३ येणारे लोक : फाळणी आणि वऱ्हाडातील सिंधी समाज

४.३.१ पार्श्वभूमी

ऑगस्ट १९४७ मध्ये भारताची फाळणी झाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे ७३ लाख विस्थापितांची नोंद झाली आणि जवळपास तितकेच लोक पाकिस्तानात गेल्याचे तेथील जनगणनेत आढळले. पंजाब व बंगाल या प्रांतांचे विभाजन झाले. त्यामुळे तेथील विस्थापितांना सीमेच्या अलीकडे त्याच भाषेचा, त्याच चालीरीतींचा अर्धा प्रांत तरी मिळाला. सिंधचे तसे झाले नाही. संपूर्ण सिंध पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना भारतात आपला म्हणावा असा एक जिल्हाही उरला नाही. कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर येथून निघालेली कुटुंबे मुंबई, गुजरात, राजस्थान आणि मध्य भारतातील शहरांत विखुरली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसलेल्या विस्थापितांचे पुढे उल्हासनगर झाले. नागपूर, अमरावती, अकोला येथेही अशा वसाहती उभ्या राहिल्या.

अमरावतीतील रामपुरी कॅम्प आणि अकोल्यातील सिंधी कॅम्प या वस्त्या आपण पाहिल्या असतील. त्यांच्या नावांतील ‘कॅम्प’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्याचा अर्थ आपल्या लक्षातही येत नाही. कॅम्प म्हणजे तात्पुरता मुक्काम. अकोल्याच्या सिंधी कॅम्प भागात ‘कच्ची खोली’ आणि ‘पक्की खोली’ अशीही वस्त्यांची नावे आहेत. छावणीतून निवाऱ्याकडे आणि निवाऱ्यातून घराकडे झालेला एका समाजाचा प्रवास पत्त्याच्या या दोन शब्दांत साठवलेला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे लोक आले, तेव्हा अमरावती व अकोला हे जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. पुढे ते मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाले. म्हणजे विस्थापित नव्या मुलखात रुजत होते, त्याच काळात त्या मुलखाचेही राज्य बदलत होते. आपण कोणत्या भाषेच्या शाळेत मुलांना घालावे, हा त्यांचा पेच त्यामुळे अधिकच अवघड झाला.

४.३.२ स्थलांतरितांपुढील आव्हाने

पहिले आव्हान उपजीविकेचे होते. शेती, दुकान, घर ही सर्व मालमत्ता मागे राहिली होती. तिच्या मोबदल्यासाठी १९५४ मध्ये विस्थापितांची नुकसानभरपाई व पुनर्वसन यासंबंधीचा कायदा झाला. परंतु दावा मांडण्यास कागद लागतात आणि रातोरात निघालेल्या माणसाजवळ कागद असतीलच असे नाही. मोठ्या भांडवलाचा धंदा शक्य नव्हता, म्हणून अनेकांनी फेरीने आरंभ केला. थोड्या नफ्यावर अधिक माल विकणे, उधारीवर माल उचलणे, घरातील सर्वांनी धंद्याला हात लावणे, या मार्गांनी त्यांनी व्यापारात पाय रोवले. आज या दोन्ही शहरांच्या बाजारपेठांत सिंधी व्यापाऱ्यांना जे स्थान आहे, त्याचा पाया येथे आहे.

दुसरे आव्हान भाषेचे. भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधी भाषेचा समावेश १९६७ मध्ये झाला. घटनेने भाषेला मान दिला, तरी भाषा जगते ती घरात, शाळेत आणि बाजारात. सिंधीची परंपरागत लिपी अरबी वळणाची; भारतात काहींनी देवनागरीचा पुरस्कार केला. दोन लिप्यांच्या या वादात मुले मात्र मराठी, हिंदी व इंग्रजी शाळांत गेली. परिणामी, आजी सिंधी वाचते, आई ती बोलते आणि नात ती केवळ समजते, असे चित्र अनेक घरांत दिसते. चेटीचंडची मिरवणूक दरवर्षी निघते, पण तिच्यातील घोषणांखेरीज सिंधी भाषा फारशी कानावर पडत नाही.

तिसरे आव्हान नावाचे होते. त्यांना ‘निर्वासित’ म्हटले गेले, ‘शरणार्थी’ म्हटले गेले. पहिल्या शब्दात घर गेल्याची खूण आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या दाराशी उभे असल्याची. विस्थापितांपैकी अनेकांनी या शब्दांना हरकत घेतली आणि स्वतःसाठी ‘पुरुषार्थी’ हा शब्द पुढे केला. आपण भाषेचे विद्यार्थी आहात. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द मागणे ही केवळ शब्दांची निवड नसून प्रतिष्ठेची मागणी असते, हे आपण येथे विशेषत्वाने लक्षात घ्यावे.

४.३.३ स्थानिक समाजापुढील आव्हाने

स्थलांतराचा विचार करताना स्थानिकांच्या अडचणींना केवळ संकुचितपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत धान्याची टंचाई होती आणि शिधावाटपावर लोक दिवस काढत होते. अशा वेळी नवीन वस्तीला जागा, पाणी, शाळा व दवाखाने पुरवणे नगरपालिकांना जड जाणे स्वाभाविक होते. बाजारात नवा स्पर्धक आला, की जुन्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते; त्याची तक्रारही खोटी नसते.

मात्र वऱ्हाडाला बाहेरचा माणूस नवा नव्हता. कापसाच्या व्यापारामुळे एकोणिसाव्या शतकापासूनच मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी येथे स्थिरावले होते. त्यामुळे परका व्यापारी कालांतराने आपला होतो, हा अनुभव या समाजाच्या गाठीशी होता. येथे दोन समाज एकमेकांत विरघळले असे नाही. ते शेजारी राहण्यास शिकले. समाजशास्त्रात पहिल्या प्रक्रियेला ‘सात्मीकरण’ आणि दुसरीला ‘समायोजन’ असे म्हणतात. समायोजनात वेगळेपण राहते, परंतु त्याचे भय राहत नाही.

४.३.४ नागरिकत्वाचा प्रश्न

१९४७ मध्ये आलेल्यांचे नागरिकत्व राज्यघटनेने निश्चित केले. अनुच्छेद ६ नुसार, अविभाजित भारतात स्वतः जन्मलेली किंवा आईवडील अथवा आजीआजोबांपैकी कोणी तेथे जन्मलेले आहे, अशी व्यक्ती १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथेच राहिली असेल, तर ती भारताची नागरिक मानली गेली. त्या तारखेनंतर येणाऱ्यांना नोंदणी करावी लागली.

परंतु माणसांचे येणे एखाद्या तारखेला थांबत नाही. पुढील दशकांतही सिंधमधून काही कुटुंबे व्हिसावर भारतात आली आणि आपल्या नातलगांजवळ राहिली. अशा व्यक्तीचे जीवन कसे असते? ती दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते आणि त्याचे नूतनीकरण करून घेते. तिला मतदान करता येत नाही. भारतीय पारपत्र तिला मिळत नाही आणि सरकारी नोकरीची वाट जवळपास बंद असते. दुकान चालते, मुले शाळेत जातात, शेजारी सणाला बोलावतात. तरीही कागदावर ती परदेशीच असते.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींसाठी नागरिकत्वाची वाट तिने सुलभ केली. नियम मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झाले. या दुरुस्तीवर देशात तीव्र मतभेद झाले. शेजारी देशांत छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांना आश्रय देणे हे भारताचे कर्तव्य आहे, अशी समर्थकांची भूमिका आहे. नागरिकत्वासाठी धर्म हा निकष लावणे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा विरोधकांचा आक्षेप असून हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. आपण दोन्ही युक्तिवाद नीट समजून घेऊन स्वतःचे मत बनवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. पंजाबी व सिंधी विस्थापितांच्या स्थितीत कोणता मूलभूत फरक होता?
२. ‘शरणार्थी’ या शब्दाऐवजी ‘पुरुषार्थी’ हा शब्द पुढे करण्यामागील भावना स्पष्ट करा.

४.४ जाणारे लोक : वऱ्हाडातून परदेशी

४.४.१ परतून येणारे : डॉ. पंजाबराव देशमुख

अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९२० मध्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. या शिक्षणासाठी वडिलांनी शेती गहाण ठेवल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची पदवी घेऊन ते परतले. पुढे त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणून काम पाहिले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

शेतकरी कुटुंबाने जमीन गहाण ठेवून एका मुलाला पाठवावे आणि त्याच्या परतण्याने हजारो शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा मिळावी, हे स्थलांतराचे सर्वांत फलदायी रूप होय. परंतु असे परतणे आपोआप घडत नाही. त्यासाठी जाणाऱ्याच्या मनात परतण्याचा हेतू लागतो आणि आल्यावर करता येईल असे कामही येथे लागते. अशी संधी नसेल, तर बुद्धिमान तरुण परदेशीच स्थिरावतात. यालाच ‘बुद्धिगळती’ म्हणतात. त्यांना घडवण्याचा खर्च येथील समाज करतो आणि लाभ दुसऱ्या समाजाला मिळतो.

४.४.२ विद्यार्थी व तंत्रज्ञ

आज गहाणखताची जागा बँकेच्या शैक्षणिक कर्जाने घेतली आहे. जोखीम मात्र संपलेली नाही. कर्जासाठी अनेकदा घर किंवा प्लॉट तारण ठेवावा लागतो. परदेशी वेळेवर नोकरी लागली, तर हप्ते सहज फिटतात. नाही लागली, तर परक्या चलनात केलेला खर्च येथील रुपयांतील उत्पन्नातून फेडावा लागतो.

नोकरी मिळाल्यावरही अनिश्चितता राहते. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ८५ हजार आहे. कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, असा तेथील नियम आहे. भारतीय अर्जदारांची संख्या फार मोठी असल्याने त्यांची प्रतीक्षा अनेक वर्षांची, काहींच्या बाबतीत दशकांची होते. या काळात नोकरी गेली, तर थोड्या दिवसांत दुसरी शोधावी लागते. अन्यथा देश सोडावा लागतो. मुले तेथील शाळांत वाढतात. परंतु एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडिलांच्या व्हिसावर त्यांना राहता येत नाही. जो माणूस गावात ‘अमेरिकेत सेटल झाला’ म्हणून ओळखला जातो, तो तेथे कायद्याच्या दृष्टीने तात्पुरताच असतो.

४.४.३ आखातातील कामगार

वाहनचालक, गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, घरकामगार म्हणून आखाती देशांत जाणाऱ्यांची परिस्थिती निराळी असते. तेथील ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचे वास्तव्य त्याच्या मालकाशी बांधलेले असते. गेल्या काही वर्षांत कतार, सौदी अरेबिया यांसारख्या देशांनी ही पद्धत शिथिल केली आहे. तरीही पारपत्र मालकाने ठेवून घेणे, ठरल्यापेक्षा कमी वेतन देणे, अशा तक्रारी थांबलेल्या नाहीत.

भारतात याविषयी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवासन तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. अशा व्यक्तीने आखाती देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षक या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाख रुपयांचा विमा काढावा लागतो. भरती करणारा एजंट नोंदणीकृत असला पाहिजे. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. एजंटाचा नोंदणी क्रमांक शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पडताळता येतो.

फसवणूक बहुधा या चौकटीच्या बाहेर होते. ‘आधी पर्यटन व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ,’ असे सांगणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवून गेलेला माणूस तेथे पोहोचताक्षणी बेकायदेशीर ठरण्याच्या मार्गावर असतो. त्याला वेतनाची दाद मागता येत नाही, कारण दाद मागणे म्हणजे स्वतःला उघड करणे. आपल्या घरातील वा ओळखीतील कोणी आखातात जात असेल, तर कामाच्या करारपत्राची प्रत घरी ठेवावी, पारपत्र व व्हिसाची छायाप्रत जपावी आणि तेथील भारतीय दूतावासाचा क्रमांक लिहून घ्यावा. अडचणीतील कामगाराला परत आणण्यासाठी, तसेच मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्यासाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. परंतु ही माहिती घरच्यांना नसेल, तर निधी असूनही उपयोग होत नाही.

४.४.४ मागे राहिलेले घर

परदेशातून येणाऱ्या पैशांचा आकडा मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार देशात आलेल्या अशा रकमेचा सर्वाधिक, म्हणजे २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राला मिळाला. केरळचा वाटा १९.७ टक्के होता. या पैशातून घरे बांधली जातात, कर्जे फिटतात, बहिणींची लग्ने होतात. परंतु आकड्यांत न मोजल्या जाणाऱ्या गोष्टीही असतात. अमरावतीच्या नव्या वसाहतींत अशी कितीतरी घरे आहेत की, जेथे वरचा मजला मुलासाठी बांधला आणि खालच्या मजल्यावर दोन वृद्ध राहतात. मुलाचा फोन रोज येतो, पैसाही येतो. रात्री छातीत दुखू लागले, तर मात्र दवाखान्यात न्यायला शेजारीच लागतो. म्हणजे एका कुटुंबाच्या स्थलांतराचा काही भार शेजारपण उचलत असते.

शेतीचा प्रश्नही असाच आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाला वडिलांची शेती वारसाने मिळू शकते. पण अनिवासी भारतीयांना व परदेशस्थ भारतीय नागरिक हे कार्ड धारण करणाऱ्यांना शेतजमीन सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव एका देशात राहणाऱ्याचे आणि पेरणी दुसऱ्याच कोणाची, अशी स्थिती त्यातून निर्माण होते. ठोक्याने वा बटईने दिलेल्या अशा शेतात विहीर खोदायची कोणी, बांध सुधारायचा कोणी, हे ठरत नाही आणि जमिनीची काळजी घेणे मागे पडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. आखातात जाणारा कामगार व अमेरिकेत जाणारा तंत्रज्ञ यांच्या असुरक्षिततेतील साम्य व भेद लिहा.
२. परदेशातून येणाऱ्या पैशाने कुटुंबाच्या कोणत्या गरजा भागतात व कोणत्या भागत नाहीत?

४.५ तिसऱ्या पिढीचा प्रश्न

स्थलांतराचा खरा परिणाम पहिल्या पिढीत दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात कोकण व दक्षिण महाराष्ट्रातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज तेथे क्रिओल बोलतात. मराठी ते शाळेत विषय म्हणून शिकतात. गणेशोत्सव मात्र त्यांच्या घरात अखंड चालू आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजाचे बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्रायलमध्ये गेले. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

ही उदाहरणे अकोल्यातील सिंधी आजी-नातीच्या उदाहरणाशेजारी ठेवून पाहा. मॉरिशसमध्ये मराठीचे जे झाले, तेच येथे सिंधीचे होत आहे. परदेशी आपली भाषा टिकावी, असे आपणांस वाटत असेल, तर आपल्या शहरात आलेल्यांच्या भाषेविषयी आपण तीच आस्था दाखवतो काय, हा प्रश्न स्वतःला विचारणे आवश्यक ठरते.

४.६ सारांश

आंतरराष्ट्रीय स्थलांतरात माणूस गावाबरोबरच नागरिकत्वाचा आधारही मागे ठेवतो. फाळणीनंतर अमरावती व अकोला येथे आलेल्या सिंधी विस्थापितांना उपजीविका, भाषा, प्रतिष्ठा व नागरिकत्व या चार आघाड्यांवर झगडावे लागले. स्थानिक समाजावर मर्यादित साधनांचा ताण पडला. तरीही समायोजनाने सहजीवन शक्य झाले. दुसऱ्या बाजूला, वऱ्हाडातून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थी, तंत्रज्ञ व कामगारांपुढे कर्ज, व्हिसाची अनिश्चितता, फसवणूक आणि हक्कांचा अभाव हे प्रश्न आहेत. मागे राहणाऱ्या कुटुंबाला पैसा मिळतो, पण माणसाची उणीव भरून निघत नाही. आलेल्यांकडे आणि गेलेल्यांकडे एकाच मापाने पाहणे, ही या विषयाच्या अभ्यासातील पहिली कसोटी होय.

४.७ पारिभाषिक शब्द

विस्थापित : आपल्या मूळ ठिकाणाहून सक्तीने हलावे लागलेली व्यक्ती.
सात्मीकरण : एका समाजाने दुसऱ्या समाजात पूर्णपणे मिसळून जाणे.
समायोजन : वेगळेपण राखून परस्परांशी जुळवून घेणे.
उत्प्रवासन : नोकरीसाठी स्वदेशाबाहेर जाणे.
बुद्धिगळती : शिक्षित व कुशल व्यक्तींचे देशाबाहेर कायमचे जाणे.

४.८ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘ऐच्छिक व सक्तीचे स्थलांतर यांतील रेषा पुसट असते.’ आपल्या परिसरातील उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.
२. नागरिकत्व नसलेल्या व्यक्तीच्या दैनंदिन अडचणींवर टिपण लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील वा शहरातील एक सीमेपलीकडून आलेले कुटुंब आणि एक मुलगा वा मुलगी परदेशी असलेले कुटुंब निवडा. त्यांच्या संमतीने प्रत्येकी एक तास बोला. ‘घर कोणते?’ हा एकच प्रश्न दोन्ही कुटुंबांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान व्यक्तीला विचारा आणि चारही उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. नावे व पत्ते वहीत नोंदवू नका. उत्तरांतील फरकाविषयी आपले निरीक्षण दीड पानात मांडा आणि पुढील संपर्कसत्रात ते वाचून दाखवा.